टमाट्याचे दिवस भरेपर्यंत

आमच्या गावात सिस्टरांना कुणी रामराम घालो की जय भीम, उत्तर एकच यायचं : "जीभ दाखव." मग तो सरपंच असो, गावात आलेला नवा जावई असो, नाहीतर सिद्धेश्वरच्या धरणावरून मासे आणून विकणारा असो, माणूस भर रस्त्यात जीभ काढून उभा राहायचा. सिस्टर बघायच्या, "हं" म्हणायच्या आणि पुढे निघायच्या. नर्सच्या सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन वर्षं लोटली तरी ही तपासणी चालूच होती. ती थांबवा असं म्हणायची कुणाची छाती नव्हती, कारण गावातली अर्धी माणसं जन्मल्यावर पहिल्यांदा रडली ती त्यांच्याच हातात, आणि कोण कसं रडलं हे सिस्टरांना पाठ होतं.

माझं प्रकरण तर फारच नाजूक. मी पायाळू. डोक्याआधी पाय बाहेर काढून या जगात आलो. ही हकीकत सिस्टर माझ्या बायकोसमोर, लेकरांसमोर, माझ्या झेरॉक्सच्या दुकानात गिऱ्हाईक उभं असताना सांगत. "एक पाय बाहेर काढून बसला होता हा. एसटीच्या दारात लटकल्यावानी. ना आत जाईना, ना बाहेर येईना. अजून बी तसाच हाय." गावात कुणाच्या कंबरेत उसण भरली की माणूस माझ्याकडं लाथ खायला येतो, पायाळूच्या लाथेनं दुखणं जातं म्हणून. मीही हात जोडून, डोळे मिटून, अगदी देवळातल्यासारखी लाथ घालतो. सिस्टर शेजारच्या ओट्यावरून ओरडायच्या, "लाथेनं दुखणं जात असतं तर सरकारनं मला पगार काहून दिला?"

अशा बाईच्या आयुष्यात टमाटा आला तो हिंगोलीच्या बाजारात. एका भाजीवाल्यानं ढिगाच्या टोकावर एक अवाढव्य टमाटा ठेवला होता. सिस्टरांनी तो दोन्ही हातांनी उचलला, अंगठ्यानं अलगद दाबला, खालून-वरून तपासला. पोटुशी बाई तपासावी तसा. भाजीवाला घाबरला. "सिस्टर, तो दाखवायला ठेवलाय. खालचे घ्या." "दाखवायला म्हंजे? त्याला लेकरंबाळं नकोत का?" असं म्हणून त्यांनी तो घेतलाच. घरी आणून खाल्ला मात्र नाही. मऊ पडेपर्यंत खिडकीत ठेवला, गर पेल्यात पिळून आंबू दिला, मग बी धुऊन ताटलीत वाळवलं.

बी-बियाण्यांच्या दुकानदारानं त्यांना समजावलं, "सिस्टर, हा संकरित माल हाय. ह्याचं बी लावून पुन्हा असलं फळ येत न्हाई." सिस्टरांनी त्याच्याकडं असं पाहिलं, की त्यानं आपणहून जीभ काढली. "लेकरू बापावानी न्हाई निघालं म्हणून कुणी टाकून देतंय का? काय निघतंय ते तर बघू."

काय निघालं म्हणता! परसात एकाच बापाची पोरं, पण एकाचं तोंड दुसऱ्याशी जुळेना. कुठं बोराएवढे, कुठं लांबुडके, कुठं चपटे. एका झाडाचे तर इतके आंबट, की माझी बायको ते खाऊन चक्क माझ्याशी गोड बोलली. फक्त एका झाडाला मोठी फळं आली. सिस्टरांनी त्यातलं सगळ्यात थोरलं बियाला ठेवलं. पुढच्या वर्षी पुन्हा तेच, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. असं करत करत त्यांच्या परसात असे टमाटे लागले, की तान्ही बाळं झोळीत घालून तोलायचा काटा माळ्यावरून खाली काढावा लागला. टमाटा झोळीत घालायच्या, काटा बघायच्या आणि झाडाला म्हणायच्या, "वजन झाक हाय. आता तू बी जरा खात जा."

बी त्यांनी घरोघर वाटलं, पोलिओचा डोस पाजावा तसं, दारात उभं राहून. आम्ही लावलं. थोरले टमाटे आले की ठेच्याबरोबर, भाकरीबरोबर चट्टामट्टा करून टाकले, आणि शेवटी झाडाला जे किरटं, फुटकं राहिलं ते बियाला धरलं. दोन वर्षांत आमचे टमाटे लिंबाएवढे झाले. शाळेचे मास्तर तक्रार घेऊन गेले, "सिस्टर, तुमचं बी बिघडलं." सिस्टर म्हणाल्या, "मास्तर, हुशार पोरं शाळेतून हाकलून दिल्यावर निकाल काय लागंल?" मास्तर परतले ते थेट घरी गेले. मोठ्या टमाट्याचा वंश अशा रीतीनं साऱ्या गावात एकट्या सिस्टरांच्या परसात उरला.

आणि मग ते वर्ष आलं. सिस्टरांनी होतं नव्हतं तेवढं सगळं बी पेरलं, आणि रोपं हातभर होताच पानं मुरडायला लागली. बोकड्या रोग. एकेक झाड त्यांनी स्वतःच्या हातानं उपटलं आणि जाळलं. होळी होऊन उन्हं तापली तेव्हा मागच्या भिंतीशी एकच झाड उभं होतं. सलाईनच्या जुन्या स्टँडला बांधलेलं. फुलं उन्हानं गळून गेलेली. आणि त्यावर एकच फळ. हिरवं, दोन मुठींएवढं, गॉजपट्टीच्या झोळीत बसवलेलं, वर तान्ह्या बाळाची मच्छरदाणी. ते गेलं असतं तर घरात पुढं पेरायला एक दाणा नव्हता.

नेमका त्याच आठवड्यात सिस्टरांचा मुलगा बाळू पुण्याहून पांढरी गाडी घेऊन आला. सिस्टरांचे गुडघे पार झिजले होते. नांदेडला सोमवारी शस्त्रक्रिया ठरली होती. मोठ्या मिनतवारीनं मिळालेली तारीख, रजाही तशीच. बाळू शुक्रवारी आला, चहा प्यायला आणि म्हणाला, "आई, रविवारी दुपारी निघायचं."

"दिवस भरले न्हाईत अजून."

"कुणाचे?"

सिस्टरांनी काठीनं मच्छरदाणीकडं दाखवलं. बाळूचा चेहरा मी कुंपणावरून पाहिला. इंजिनिअर माणूस, पण त्या क्षणी त्याला एकही गणित आठवत नव्हतं.

"तोडून घे ना. गाडीत पिकेल."

"बी झाडावर भरतं, बाळू. गाडीत न्हाई भरत."

"डॉक्टरांची तारीख पुन्हा मिळणार नाही, आई."

"तारखेवर कुणी येत नसतंय. तू बी आला न्हवतास."

बाळू माझ्याकडं वळला. "दादा, तुम्ही तरी सांगा." मी गंभीर चेहरा करून म्हणालो, की माझं यांच्यापुढं जन्मापासून काही चाललेलं नाही. तुझं जमतंय का बघ.

दोन दिवस साऱ्या गल्लीचा जीव त्या फळात अडकला. बायका पाण्याला जाताना डोकावत. शनिवारी फळ पांढुरकं पडलं. रविवारी सकाळी बुडाला नखाएवढी लाली आली. परसाच्या तोंडाशी कडुलिंबाखाली गाडी उभी, पिशव्या भरलेल्या, आणि सिस्टर झाडाशेजारी खुर्ची टाकून बसलेल्या. "आजचा दिवस थांब."

तेव्हा बाळूचा ताबा सुटला. "तुला गुडघे पाहिजेत का टमाटा? दोन वर्षं झाली, भिंत धरून चालून राहिलीस तू. मी तिकडं झोपत नाही नीट. अन् तुला ह्याची पडलीय!"

सिस्टरांनी मच्छरदाणीची कड नीट खोचली. बाळू तडक गाडीत जाऊन बसला.

आणि पत्र्यावर धाडकन आवाज झाला.

कालव्याकडची वानरं आली होती. टोळी पत्र्यावरच थांबली, पण त्यांचा म्होरक्या हुप्प्या भिंतीवर उतरला. झाडापासून दोन हातांवर. काळं तोंड, लांब शेपूट, नजर थेट मच्छरदाणीवर. मी कुंपणाशी थिजलो. हातात वानरं हाकलायचं पितळी ताट होतं, पण वाजवावं तर तो उसळणार, न वाजवावं तर हात घालणार.

सिस्टर उठल्या. काठी खुर्चीपाशीच राहिली. भिंतीचा आधार नाही, कशाचा नाही. एक पाऊल, दुसरं पाऊल टाकून त्या झाड आणि हुप्प्या यांच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या आणि बाळंतिणीच्या खोलीत घुसणाऱ्या नवऱ्यांना ज्या आवाजात हाकलत त्याच आवाजात म्हणाल्या, "बाहेर बस. तुझं हितं काय काम हाय? बोलावलं की ये."

खोटं सांगत नाही. हुप्प्यानं मान वळवली. नवरे वळवतात तशी, आपण त्या गावचेच नाही असं दाखवत. तो एक वीत मागं सरकला. अजून एक वीत.

आणि आईला मदत म्हणून बाळूनं हॉर्न वाजवला.

हुप्प्या उसळला तो सरळ पुढं. मच्छरदाणी कोलमडली, स्टँड आडवा झाला, आणि पुढच्या क्षणी टमाटा त्याच्या हातात होता आणि तो गाडीवरच्या कडुलिंबात. त्यानं एक लचका तोडला, अर्धकच्च्या आंबटानं तोंड वाकडं केलं आणि उरलेलं खाली फेकलं. फचकन! गाडीच्या समोरच्या काचेवर गर, पाणी, बी, सगळं पसरलं आणि खाली ओघळायला लागलं. काच पुसायला बाळूचा हात सवयीनं वायपरच्या दांडीकडं गेला.

"हात काढ!"

बाळूनं दोन्ही हात वर केले, पोलिसांना शरण गेल्यासारखे.

"पायाळू, वाटी आण. चमचा आण. धुतलेला! बाळू, खाली उतर. वर चढ."

खाली उतर आणि वर चढ म्हणजे काय, हे बाळूनं विचारलं नाही. इस्त्रीच्या शर्टानिशी तो बॉनेटवर गुडघे टेकून बसला आणि काचेवरून एकेक बी चमच्यानं टिपायला लागला. सिस्टर खालून सूचना देत होत्या, "हळू. त्याच्या भवतालची चिकटी नको पुसू. तिकडं कोपऱ्यात बघ, एक निसटून चाललंय." बाळूच्या कपाळावरून घाम गळत होता. तो शर्टाच्या बाहीनं पुसत होता, पण चमचा हलू देत नव्हता.

वाटी भरली. बाळू ती घेऊन उतरला आणि हळूच म्हणाला, "आई, कच्चं आहे का गं? उगवेल?" टमाट्याबद्दल त्यानं एवढ्या दिवसांत विचारलेला हा पहिला प्रश्न.

सिस्टरांनी वाटी उन्हात धरून पाहिली. "सातव्या महिन्याचं हाय. जगतेत अशी बी. जपावं लागतंय." मग वाटी त्याच्याच हातात परत दिली. "धर. तू केलंस ना बाळंतपण? आता चल, तुझ्या डॉक्टरला उशीर नको."

गुडघे नीट झाले. पण सिस्टर पुन्हा गावात राहायला आल्या नाहीत. बाळूनं त्यांना पुण्याला नेलं आणि गच्चीवर त्या वाटीतल्या बियांसाठी कुंड्या मांडून दिल्या. फोन यायचा तेव्हा आधी टमाट्यांची खुशाली, मग नातवंडांची, आणि शेवटी माझी, तीही शिव्यांसकट. गेल्या पावसाळ्यात साध्या तापाचं निमित्त झालं आणि त्या गेल्या.

दिवाळीनंतर बाळू घर आवरायला आला. मागच्या सीटवर खोक्यात दह्याच्या डब्यांत लावलेली टमाट्याची रोपं होती. त्यानं मागच्या भिंतीशी खड्डे घेतले, पहिलं रोप ठेवलं, आणि पॅंटला माती लागलेली असताना माझ्याकडं बघून विचारलं, "दादा, पाणी किती घालायचं?"

मला काय माहीत? माझं दुकान झेरॉक्सचं. आम्ही दोघं रोपाकडं बघत तसेच उभे राहिलो. आता कुणीतरी ओट्यावरून ओरडेल, असं वाटत होतं. मग बाळू खाली बसला, बोटांनी माती दाबली आणि तांब्यातलं पाणी अगदी सावकाश, थांबून थांबून, बुडाशी सोडायला लागला.