नुसतं 'येतो' म्हणून निघालो

मित्रहो, आज मी बुटाच्या एका नाडीचा जाहीर निषेध करतो. नवी कोरी नाडी रामटेकपलीकडच्या जंगलात ऐन उतारावर तुटली आणि हा संस्कृतज्ञ कोरड्या नाल्यात पडला.

पाय मुरगळला. मोबाइलला रेंज नाही. तीन तासांनी एक गुराखी आला.

"एकटे काहून आले गा भाऊ? घरी सांगून आले ना?"

"येतो, असं सांगितलं."

"अन् कोणत्या जंगलात चाललो, थे?"

ते सांगितलं नव्हतं. निघणाऱ्याला 'कुठे' विचारू नये, अपशकुन होतो, असा आमच्या घरचा नियम. लग्नानंतर बायकोकडून तो मीच श्लोकासारखा पाठ करून घेतला होता. मग मला शोधायला कोण, कुठे येणार होतं?

गुराख्याच्या खांद्याचा आधार घेत रस्ता गाठला. घरी बायकोने सुजलेल्या पायावर हळदीचा लेप लावला. कुठे पडलात, हे तिने तेव्हाही विचारलं नाही.

एकटे जात असाल, तर जागा आणि परतायची वेळ घरी सांगून जा. मीही सांगेन.

पण ती अपशकुनाच्या धाकाने विचारत नाही, की तिला आता जाणूनच घ्यायचं नाही? हे तिला विचारायची मला भीती वाटते.