मालकिणीचा जबाब

फौजदारकीच्या नोकरीतली पुष्कळ प्रकरणं विसरलो, पण बेंबळीकडची ती शेळ्यांची चोरी काही डोक्यातून जात नाही.

फिर्यादी पुण्यात नोकरीला होता. गावी एकट्या राहणाऱ्या आईचं पडून खुब्याचं हाड मोडलं, म्हणून त्याने तिला धाराशिवच्या एका केअर सेंटरमध्ये ठेवलं होतं. तिथला महिन्याचा खर्च पगारातून निघेना. शेवटी आईच्या वीस-बावीस शेळ्या विकायला तो गावी आला, तर गोठा रिकामा.

"साहेब, आता रान विकण्याशिवाय इलाज नाही. या आठवड्यात इसार घेतोय," तो म्हणाला. "फक्त आईला यातलं कळू देऊ नका. ती खचेल."

गुन्हा नोंदवला, पंचनामा केला, शेजाऱ्यांचे जबाब घेतले. कुणी काही पाहिलेलं नव्हतं. चोरी झालेलं गाव एरवी फार बोलतं. हे गाव गप्प होतं, तिथंच मला शंका आली.

आठवडी बाजारातल्या एका व्यापाऱ्याने खबर दिली. "साहेब, त्या गावातनं नुसती पिल्लंच येत्यात. माय एक बी येत न्हाय. चोर कुठं माय पाळत बसतो व्हय?"

पिल्लं विकणारी बाई फिर्यादीचीच शेजारीण निघाली. महिला अंमलदाराला बसवून विचारपूस सुरू केली.

"शेळ्या आमच्याच चार-पाच घरांत हायत. पर चोरीच्या न्हायत."

"मग दिल्या कुणी?"

"त्ये सांगणार न्हाय. बेल उचललाय म्या."

दरडावलं, समजावलं, चहा पाजला. बाई ढिम्म! बेल उचलून शपथ घेतलेलं माणूस फौजदाराला बधत नाही. अटकेचे कागद तयार करायला सांगितले, पण मन घेईना. पुन्हा सगळे जबाब चाळले. गावातल्या सगळ्यांचे होते, फक्त शेळ्यांच्या मालकिणीचा नव्हता.

फिर्यादी "आईला नको" म्हणत राहिला. तरी त्याला आणि शेजारणीला जीपमध्ये बसवून केअर सेंटर गाठलं.

म्हातारी कॉटवर बसली होती. आमची वरात पाहून शेजारणीला म्हणाली, "पोलिसापातूर गेलं व्हय गं? सांग आता. सुटलीस शपथंतनं."

मग बाई घडाघडा बोलली. दवाखान्यात नेण्याआधीच म्हातारीने शेळ्या तिच्याकडे आणि शेजारच्या तीन-चार घरांत अर्धलीनं सोपवल्या होत्या, मुलाला न सांगण्याची शपथ घालून. म्हणजे सांभाळणाऱ्याने सांभाळायच्या आणि पिल्लं निम्मी निम्मी वाटून घ्यायची. म्हातारीच्या वाट्याचे पैसे या शेजारणीने केअर सेंटरसाठी जपून ठेवले होते.

"मला का नाही सांगितलंस?" मुलाने आईला विचारलं.

"तू समद्या विकल्या असत्यास. चार म्हैन्यात पैसं संपलं असतं, मग रान. बाळा, माय राहिली तर पिल्लं हुत्यात. माझं दुखणं माझ्या शेळ्या भागवतील. कमी पडंल ते तू घाल. रानाला हात लावायचा न्हाय."

पोरगा तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडला. इसाराचा बेत तिथंच मोडला. मलाही हायसं वाटलं. दिलेला शब्द पाळणाऱ्या बाईला मी कोठडीत घालायला निघालो होतो. तक्रार गैरसमजातून झाली, असा अंतिम अहवाल मी आनंदाने कोर्टाला पाठवला.

आईला धक्का बसेल म्हणून मुलगा गप्प, मुलगा विकून टाकेल म्हणून आई गप्प. दोघं एकमेकांना जपत होते, आणि त्या जपण्यातच रान जाणार होतं. माणूस अंथरुणाला खिळलं की त्याची अक्कलही खिळली, असं आपण धरून चालतो.

आता माझेही गुडघे बोलतात. आतल्या खोलीत मुलगा आणि सून हळू आवाजात काही ठरवायला लागले, की मी खुर्चीतूनच ओरडतो, "आधी मालकाचा जबाब घ्या!"