रफिकची चिठ्ठी

आधी एक सांगतो, मला शूर म्हणू नका. अग्निशमन दलात सव्वीस वर्षं काढली म्हणजे माणूस शूर होतो, असं तुम्हाला वाटत असेल तर वाटू द्या — पण माझ्या तोंडावर म्हणू नका. का, ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, थोरल्या भावाला नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही उद्या माझ्या घरी चहाला येणार नाही. तेवढाच दम आहे माझ्यात.

मागच्या आठवड्यात आमच्या केंद्रात शिबिर झालं. जवानांचं मानसिक आणि शारीरिक आरोग्य, असा फलक. सकाळी योगासनं, मग वजन, बीपी, साखर, मग एक केळं आणि बिस्किटाचा पुडा. शेवटी माईक माझ्या हातात दिला. मी नव्या पोरांना सांगितलं, मन मोकळं करा, लाजू नका, जे सलतंय ते लिहून द्या. टाळ्या पडल्या. स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली — मारली नाही. खाली बसलो आणि चहा प्यायलो.

कारण असंच शिबिर सहा वर्षांपूर्वी झालं होतं, आणि तेव्हा चिठ्ठ्यांच्या पेटीची किल्ली माझ्याकडं होती.

रफिक माझ्या शिफ्टमधला फायरमन. राहायला हर्सूलला. लहानपणापासून तलावात डुंबलेला, त्यामुळं नोकरीच्या पहिल्या वर्षापासून पाण्याच्या यादीत त्याचं नाव पहिलं. आमच्याकडं कुणी बुडाल्याची वर्दी आली, म्हणजे मदतीचा फोन आला, की भिंतीवरच्या यादीत ज्याचं नाव वर तो पाण्यात उतरतो. तो आजारी असला तर दुसरा. दुसरं नाव माझं.

त्या उन्हाळ्यात लासूर स्टेशनकडच्या एका शेततळ्यात दोघी बहिणी बुडून गेल्या. शेततळ्याला आतून प्लास्टिक अंथरलेलं असतं. त्यावर शेवाळ धरलं की पाय ठरत नाही, पोहणाऱ्यालासुद्धा काठावर चढता येत नाही. रफिकनं दोघींना बाहेर काढलं. एकमेकींचे हात घट्ट धरले होते त्यांनी. ते सोडवायला तो दोनदा खाली गेला. वर आला, अंग पुसलं, जेवला नाही. आम्ही काय केलं? चहा दिला. पाठीवर थाप मारून वाघ आहेस लेका म्हणालो. बस्स. इतकंच येतं आम्हाला.

त्यानंतर तो नळाखाली तोंड धुवेना. ओल्या फडक्यानं पुसायचा. पाण्यातला गडी अन् आंघोळीला भितो, म्हणून आम्ही लई चिडवायचो. मी सगळ्यांच्या पुढं. तोही हसायचा बिचारा.

शिबिराला डॉक्टरबाई आल्या होत्या. ज्याला एकट्यानं बोलायचंय त्यानं चिठ्ठीवर नाव लिहून पेटीत टाकावी, मी स्वतः फोन करीन, दुसरं कुणी वाचणार नाही, असं त्यांनी सांगितलं. पेटी दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या दवाखान्यात पोचवायची होती. मी ती उघडली. का उघडली? उगाच — कोण काय लिहितंय ते बघावं म्हणून. बऱ्याच चिठ्ठ्या कोऱ्या होत्या. एका चिठ्ठीत जेवणाची तक्रार. आणि एक रफिकची. डोळे मिटले की त्या मुलींचे हात दिसतात, असं लिहिलं होतं. पाण्यात उतरलो तर परत वर येणार नाही असं वाटतं, घरी सांगू शकत नाही. खाली एक ओळ होती, मॅडम, थोडे दिवस मला पाण्याच्या यादीतून काढा.

ती चिठ्ठी मी खिशात घातली. पेटीला कुलूप लावलं आणि पोचवली.

बरीच वर्षं मी स्वतःला समजावत आलो, की त्याच्या भल्यासाठी केलं. मनाचं दुखणं कागदावर आलं की शेरा बसतो, बढती अडते, लोक येडा म्हणतात. खोटं नाही ते. आमच्यात पाय मोडला तर रजा मिळते, मन मोडलं तर टिंगल. वर बसलेल्यांना वर्षातून एकदा केळं वाटलं की काम झालं. संताप येतो मला, आजही येतो. पण त्यांच्या नावानं बोटं मोडत मी किती दिवस लपणार? चिठ्ठी त्यांनी दाबली नाही. मी दाबली. आणि भल्याचं म्हणाल तर — भलं गेलं खड्ड्यात. रफिकचं नाव निघालं असतं, तर वर माझं आलं असतं. मला पाण्याची भीती वाटते. आगीत मी कुठंही शिरेन. पण गाळात चाचपडताना हाताला माणूस लागतो ना — तो मला नको. तेवढ्यासाठी केलं. बाकी सगळी थापेबाजी.

तीन आठवड्यांनी हर्सूल तलावावरची वर्दी आली. भर दुपार, काठावर ही गर्दी, सगळ्यांचे मोबाईल वर. रफिक कमरेला दोर बांधत होता, पण गाठ बसेना. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "दादा, आज तुम्ही उतरता का?"

इतक्या वर्षांत त्यानं माझ्याकडं काही मागितलं नव्हतं. आणि मी, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "यादीत पयलं नाव कुणाचंय रे?"

तो उतरला. दुसऱ्या बुडीनंतर दोर हलेना. आम्ही ओढून काढला तेव्हा तो निळा पडला होता. वाचला. पण फुप्फुसात गाळाचं पाणी गेलं, दीड महिना दवाखान्यात काढला. आता तो औरंगपुऱ्यातल्या एका कार्यालयात खुर्चीवर बसून लोकांचे अर्ज घेतो. जिना चढताना तिसऱ्या पायरीवर थांबतो. वय एकोणचाळीस. आणि दोर ओढून साथीदाराचा जीव वाचवला म्हणून सत्कार कुणाचा झाला? माझा. शाल, श्रीफळ. मी वाकून घेतलं.

दरवर्षी ईदला त्याच्या घरी जातो. गेल्या ईदला माझ्या हातात शीरखुर्म्याची वाटी देऊन तो म्हणाला, "दादा, मी त्या मॅडमला लिहून दिलं होतं. सगळं लिहिलं होतं. त्यांनी वाचलं, पन फोनसुद्धा केला नाय."

आवाजात राग नव्हता. चिडला असता, शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्याला वाटतं, आपलं दुखणं एका फोनाच्याही लायकीचं नव्हतं. सहा वर्षं तो हेच धरून बसलाय.

मी काय म्हणालो? जाऊ दे रे, असल्या शिबिरवाल्या बायका अशाच असतात, म्हणालो. वाटी संपवली. त्याच्या बायकोनं आणखी वाढलं. तेही खाल्लं.