उतरत्या फरशीचा कप्तान

आमच्या कप्तानांनी आयुष्यात समुद्र पाहिलेला नाही. ते हॉटेलातले मुख्य वेटर आहेत. साहित्याची पदवी घेऊन मी त्यांच्या हाताखाली रुजू झालो आणि आमची मैत्री जमली. मी त्यांना काका म्हणतो.

शेठनी पहिलं हॉटेल काढलं ते एका जुन्या गॅरेजमध्ये. फरशी स्वयंपाकघराकडून दाराकडे उतरती होती. ती फोडायला शेठ राजी नव्हते. त्यांनी भिंतीवर गोल खिडक्या रंगवल्या, गल्ल्यामागे सुकाणू टांगलं आणि जाहीर केलं, "हे जहाज आहे. जहाज कलतंच." गिऱ्हाइकांनी हे मुकाट्याने मान्य केलं.

धंदा वाढला, शाखा निघाल्या. प्रत्येक शाखेत चांगली सपाट फरशी फोडून उतार केला गेला. भरलेलं सूप घेऊन मागे झुकत उतरायचं कसं, हे प्रत्येक नव्या वेटरला काका शिकवत.

मग शेठनी सगळ्या शाखा एका कंपनीला विकल्या. नवे साहेब पाहणीला आले, घसरले, आणि फरश्या सपाट करण्याचा हुकूम निघाला. काकांना सपाट फरशीवर सूप वाढून दाखवायचं होतं. जमलं तर नोकरी, नाहीतर निरोपाचा हार.

घरी सराव सुरू झाला. काका सवयीने मागे झुकत आणि सूप सदऱ्यावर घेत.

"अहो, सरळ चाला की!" काकू म्हणाल्या.

"सरळच चालतोय. घर वाकडंय."

"घराला नावं ठेवू नका. लग्नात बरे सरळ चालत होतात!"

"तेव्हा हातात सूप नव्हतं."

काकूंनी त्यांचे बूट उचलले, मोच्याकडे नेले आणि टाचा चार बोटं उंच करून आणल्या. "घ्या. आता उतार पायातच घाला."

परीक्षेत थेंबही सांडला नाही. साहेबांची नजर बुटांवर गेली.

"हे काय?"

काकांनी टाचा जुळवल्या. "कप्तानाचे बूट, साहेब."

"मग बाकीच्यांना का नाहीत?"

सगळ्या शाखांत तसे बूट आले. सपाट चालायला नुकतेच शिकलेले वेटर तोंडावर आपटू लागले. काकांना पुन्हा शिकवायला नेमलं.

दारात आता कंपनीच्या इतिहासाचा फलक आहे. त्यात गॅरेज नाही, शेठ नाहीत. बूट मात्र पहिल्या दिवसापासूनचे आहेत. काकांनी तो नीट वाचला.

"असतील बुवा," ते म्हणाले, आणि टाचा वाजवत शिकवायला गेले.