एका साडीतल्या अकरा बाया

पोलादपूरची ती साडीची केस आठवली की आजही आधी हसू येतं आणि मग डोळे पुसावे लागतात. माझ्या निवृत्तीच्या आदल्या वर्षीची गोष्ट.

महाडच्या एका बँकेतून आमच्या पोलीस ठाण्यात तक्रार अर्ज आला. वर डोंगरात, कुडपणकडच्या एका गावातल्या अकरा वृद्ध महिलांची खाती पडताळणीत अडकली होती. आधार कार्डं वेगवेगळी, पण ऑनलाइन चढवलेल्या प्रत्येक फोटोत तीच हिरवी साडी, तोच जरीचा काठ, कपाळापर्यंत पदर आणि चेहरा पुसट. एकच बाई अकरा नावांनी खाती चालवते, असा बँकेचा संशय. अशा खात्यांतून फसवणुकीचा पैसा कसा फिरतो, हे आम्ही रोज पाहत होतो.

सगळ्या फायली एकीनेच तयार केल्या होत्या. गावातलीच एक सून, मोबाइलवर कागद स्कॅन करून म्हाताऱ्यांची खाती मार्गी लावणारी. तिला चौकशीला बोलावलं, शेजारी महिला हवालदार बसवली.

"फोटो इतके पुसट का?"

"वर रेंज नाय, साहेब. मोठी फाइल चढत नाय, म्हणून लहान केली. मूळ फोटो पुसले, मोबाइल भरला व्हता."

"आणि साडी कुणाची?"

तेच पुन्हा विचारलं. मी आवाज चढवला, गुन्हा दाखल झाला तर अटक होईल, हेही सांगितलं. तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, पण तोंड उघडलं नाही. खोटं बोलणारा माणूस फार बोलतो, हा माझा अनुभव. ही एक शब्द बोलेना. मी तिला घरी पाठवलं आणि त्या अकराजणींना बोलावणं धाडलं.

दुसऱ्या दिवशी जीप भरून म्हाताऱ्या उतरल्या. सून मागे उभी होती. सगळ्यांत थोरली पिशवीतून ती साडी काढून माझ्या टेबलावर ठेवत म्हणाली, "माझी हाय. लेकीनं घेतलेली. फोटोला बसलो तर एकीचं लुगडं ठिगळाचं. ती लाजून उठून गेली. मग मीच म्हटलं, सगळ्या जनी हीच नेसा. हिला आम्ही शपथ घातली व्हती, कुठं बोलायचं नाय. हिला धरू नका, सायेब."

सून तेव्हा पहिल्यांदा रडली. थोरली तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "गप गो, झालं आता."

महिला कक्षात एकेकीने ती साडी नेसून दाखवली. हवालदार बाईंनी फोटो काढले, ते कार्डांशी जुळले आणि खाती सुटली. नेसताना म्हाताऱ्यांनी एकमेकींची इतकी थट्टा केली, की ठाणे अंमलदारही हसू लपवत होता.

चौकशीत गप्प बसणारा माणूस स्वतःलाच वाचवत असतो, असं मी तोवर धरून चाललो होतो. ही बाई दुसरीची लाज राखण्यासाठी कोठडीत जायला तयार होती. संध्याकाळी मी अहवाल लिहिला: 'सर्व महिलांनी फोटोसाठी आपसांत ठरवून एकच साडी वापरली.' का वापरली, ते मीही लिहिलं नाही.