पाठवणीचं क्लारनेट

मानपत्राचा खर्डा माझ्याकडे तपासायला आला तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. लातुरात आमच्या गल्लीत कुणाचंही काही छापायचं असलं, लग्नपत्रिका असो की श्रद्धांजलीचा फलक, ते आधी माझ्याकडे येतं. तीस वर्षं शाळेत मराठी शिकवल्याची ही शिक्षा आहे. खर्डा आणला होता माझ्याच नवऱ्यानं, कारण तो त्या सत्कार समितीत आहे. सत्कार लातूरच्या जुन्या बँडच्या मास्तरांचा. इथवर माझी काही हरकत नव्हती. माणूस ऐंशीला टेकलाय, जन्मभर लोकांच्या दारात क्लारनेट वाजवलंय, करा की सत्कार. लाल पेन घेऊन ऱ्हस्व-दीर्घ सुधारत मी चौथ्या ओळीपर्यंत आले आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

तिथं लिहिलं होतं, की नवरी निघताना सगळे ढोल-ताशे थांबवून एकट्या क्लारनेटवर पाठवणी वाजवण्याची प्रथा मराठवाड्याला मास्तरांनी दिली.

"हे कुणी लिहिलं?" मी नवऱ्याला विचारलं.

"समितीनं. का, शुद्धलेखन चुकलंय?"

शुद्धलेखन बरोबर होतं, बाकी सगळं खोटं होतं. ती प्रथा माझ्या वडिलांची, आमच्या अण्णांची. नांदेडच्या बँडचे ते मास्तर, आणि अशी पाठवणी पहिल्यांदा वाजली ती माझ्याच लग्नात. मी काही ऐकीव सांगत नाही, त्या पाठवणीतली नवरीच मी होते. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा असतो.

ज्यांनी ते दिवस पाहिले नाहीत त्यांना सांगायला हवं. डीजे यायच्या आधी आमच्या भागात लग्नाला खरे बँड दोनच, एक नांदेडचा आणि एक लातूरचा. बाकीचे होते, पण पानातल्या लोणच्याइतके. बिलोलीपासून किनवटपर्यंत आमचा बँड, उदगीर-निलंग्याकडं त्यांचा, आणि मधल्या गावांत जो आधी सुपारी घेईल त्याचा. आमच्या बँडवर कव्वालीचा हात होता. इतवारा या नांदेडच्या मुस्लिम वस्तीतले निम्मे वाजवणारे, त्यामुळं ट्रंपेट एकदा चढला की उतरायचं नावच घेत नसे. लातूरवाल्यांची शिस्त मोठी. तिथल्या व्यापाऱ्यांच्या घरचं म्हातारं माणूस गेलं की त्याला सजवून, बसवून मिरवत नेतात. त्या यात्रेपुढं भजनाच्या चाली वाजवायचं काम त्यांचं, आणि तो संथपणा त्यांच्या लग्नातल्या वाजवण्यातही उतरला होता. नांदेडकर म्हणायचे, लातूरचा बँड लागला की वरात मसणवट्याकडं वळते. लातूरकर म्हणायचे, नांदेडचा बँड लागला की घोडं नाचतं आणि नवरदेव खाली पडतो.

माझं नशीब असं, की माझे सासरे लातूरच्या बँडचे कपडे शिवायचे. लाल कोट, सोनेरी झालर, पितळी गुंड्या, सगळं आमच्या घरातल्या मशीनवर. त्या घरात मी एकटी नांदेडची. जेवताना वाद ठरलेला, कोणता बँड भारी आणि कुणाचं काय मागं राहिलं. सासरे त्यांच्या मास्तरांचे राग मोजून दाखवायचे, नवरा त्यांची री ओढायचा. माझ्याकडे एकच हुकमाचा पत्ता होता. मी म्हणायचे, "तुमचं काय राहिलं सांगा. सगळं डीजेनं गिळलं. पण तोच डीजेवाला आजही नवरी निघाली की धडधड बंद करतो आणि रेकॉर्ड केलेलं क्लारनेट लावतो. ती कुणाची देन? माझ्या बापाची." यावर सासरे गप्प व्हायचे. ते जाईपर्यंत या एका मुद्द्यावर त्यांनी मला कधी उत्तर दिलं नाही, आणि मी ते जिंकल्यासारखं मिरवलं.

आता ती पाठवणी. नांदेडला मांडव होता आणि दोन्हीकडचे बँड होते, नवरदेवाबरोबर लातूरचा आणि आमचा घरचा. अण्णांनी महिनाभर आधीच जाहीर केलं होतं, की लेकीची पाठवणी मीच वाजवणार. लोक म्हणाले, मास्तर, तुम्ही नवरीचे बाप आहात. ते म्हणाले, बाप दिवसभर असतो, मास्तर दहा मिनिटं. कन्यादान झाल्यावर त्यांनी धोतरावरच बँडचा कोट चढवला. मी जीपमध्ये बसले होते, शालूचा पदर नाकापर्यंत, मान खाली, डोळ्यांना धार. मागून क्लारनेट सुरू झालं. ढोल होता, झांज होती. मग ढोल थांबला, झांज थांबली, सगळंच थांबलं. एक क्षण नुसती शांतता. आणि मग एकटं क्लारनेट, कुणाचीही साथ न घेता, जीप वळणापर्यंत जाईस्तोवर.

पुढच्याच हंगामापासून लोक सुपारी देताना सांगायला लागले, पाठवणी तशी वाजवा. दोन्ही बँड तशी वाजवायला लागले. त्या क्षणभराच्या शांततेचं मला फार कौतुक होतं. वर्गात विरामचिन्हं शिकवताना मी ती हटकून सांगायचे. कुठं थांबायचं हे ज्याला कळतं तो खरा कलावंत, माझ्या वडिलांना ते कळत होतं, असं म्हणून मी पोरांकडं पाहायचे.

क्लारनेट मला मात्र त्यांनी कधी शिकवलं नाही. दहा वर्षांची असताना मी ते पेटीतून काढून फुंकलं होतं. फुस्स आवाज आला. अण्णांनी ते माझ्या हातून काढून घेतलं, त्याची फुंकायची पत्ती पुसली आणि म्हणाले, "पोरींच्यानं श्वास टिकत न्हाई, माय." मी भांडले, दोन दिवस जेवले नाही. पेटीला कुलूप लागलं तेवढं.

तर अशा बापाचं श्रेय कुणी मानपत्रात घालून पळवणार आणि मी वेलांट्या दुरुस्त करणार? मी खर्डा घेतला, लाल पेन घेतलं आणि गंजगोलाईच्या मागं मास्तरांचं घर आहे तिथं गेले. नवरा मागून म्हणत होता, म्हातारा माणूस आहे, जरा सांभाळून बोल. मी सांभाळून बोलायला चाललेच नव्हते.

मास्तर ओट्यावर बसले होते. मला पाहून त्यांनी पेल्यातली कवळी तोंडात बसवली आणि म्हणाले, "ये माय, बस." मी बसले नाही. ती ओळ त्यांना वाचून दाखवली.

"म्या न्हाई सांगितलं हे लिवायला," ते म्हणाले.

"सांगितलं नसेल. नाकारलंही नाही."

मग ते म्हणाले, "त्या दिवशी तू ऐकलंस का सगळं?"

"पहिल्या सुरापासून शेवटच्यापर्यंत."

"अन् अण्णा त्यावर कधी काय बोलले?"

"बोलायचं काय त्यात? त्यांनी वाजवलं, मी ऐकलं."

मला वाटलं, आता मास्तर कारणं सांगणार, वाद घालणार. त्यांनी हात पुढं केला, पेन घेतलं आणि ती ओळ स्वतःच्या हातानं दोनदा खोडली. "लई गोड हात होता तुझ्या बापाचा," एवढंच म्हणाले. मी खर्डा उचलून घरी आले. जिंकले होते, पण त्या जिंकण्याला चव नव्हती. ज्याला रंगेहाथ पकडलं त्यानं निदान थोडं तरी भांडायला नको?

पुढच्या आठवड्यात अहमदपूर, लोहा करत मी नांदेडला गेले. इतवाऱ्यात आमच्या बँडचे ढोलवाले चाचा राहतात. त्या बँडमधले तेवढेच एक उरलेत. त्यांना हा पराक्रम सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नव्हतं. मी सगळं रंगवून सांगितलं, मास्तरांनी स्वतः ओळ कशी खोडली इथपर्यंत. चाचा हसले नाहीत.

"त्याच्या हातानं खोडून घेतलंस?" ते म्हणाले. "बेटी, ये क्या कर दिया तूने."

मग त्यांनी सांगितलं. बँडवाल्यांचा एक नियम असतो. वाजवता वाजवता कुणाचा श्वास तुटला, ठसका लागला, काहीही झालं, तर शेजारच्यानं तो सूर तिथूनच उचलायचा. ऐकणाऱ्याला कळता कामा नये. आणि उचललेला सूर कुठं उचलला, कुणाचा उचलला, हे उचलणाऱ्यानं जन्मात कुणाला सांगायचं नाही. बायकोलासुद्धा नाही.

"तुझी जीप हलली आणि तुझ्या बापाचा श्वास तुटला," चाचा म्हणाले. "रडून राहिले होते ते. क्लारनेट तोंडात, अन् फुंकर निघेना. मी ढोल वाजवू की त्यांना बघू? माझा हात थांबला. मग सगळ्यांचेच थांबले. लातूरवाला मास्तर बाजूला उभा होता, त्यानं सूर उचलला. आम्हाला हातानं खूण केली, थांबा, मध्ये येऊ नका. ते सगळं पुढचं त्यानं वाजवलं बेटी. तुझे अण्णा तोंडावर रुमाल धरून उभे होते."

मी विचारलं, मग अण्णांनी मला का नाही सांगितलं? ते जाईपर्यंत वीस वर्षं मी त्यांच्यासमोर त्या पाठवणीची थोरवी गात होते.

"बँडवाला रडला, हे कुणी सांगतं का?" चाचा म्हणाले. "लोकांना रडवायचं. आपण न्हाई रडायचं."

परतीच्या एस.टी.त मी खिडकीशी बसले आणि लोहा येईपर्यंत नुसती धुमसत होते. मास्तरांचा राग आला. इतका मोठा माणूस, आणि माझ्यासारख्या बाईनं दारात उभं राहून चोर ठरवलं तर गुमान पेन घेतो? सासऱ्यांचा राग आला. ते हरून गप्प होत नव्हते, मांडवात त्यांनी सगळं पाहिलं होतं. कपडे शिवता शिवता त्यांनी तो नियमही अंगाला लावून घेतला होता, आणि सून घरात फुशारक्या मारते ते ऐकत भात कालवत बसायचे. माझा स्वतःचा आला, त्या शांततेवर मी किती पोरांना धडे दिले म्हणून. पण सगळ्यात जास्त राग अण्णांचा आला. मला वाटत होतं, माझ्या बापानं मला मोठ्या कलावंताच्या दिमाखात वाटेला लावलं. त्याला माझ्यासाठी वाजवता आलं नाही, इतका तो रडला, हे मला त्याच वेळी कळलं असतं तर? सासरचं पहिलं वर्ष मला फार जड गेलं होतं. तेव्हा हे कळायला हवं होतं. कसला नियम हा, बापाचं रडू लेकीपासून लपवणारा?

सत्कार रविवारी सकाळी होता. मानपत्र वाचायचं काम माझ्याकडेच, कारण उच्चार. हॉल भरला होता. मास्तर स्टेजवर खुर्चीत, लाल कोटात. तो कोट सासऱ्यांच्या हातचा, आता मास्तरांना सैल होत होता. खोडलेली ओळ मी परत घातली नव्हती, कारण तीही खरी नव्हती, ढोल आधी थांबला तो अण्णांच्या रडण्यानं. समितीच्या सेक्रेटरींनी मला सकाळीच बजावलं होतं, की दोन्ही बँडची तुलना नको, वाद नको, नुसतं वाचा.

मी नुसतं वाचलं. शेवटची ओळ झाली, टाळ्या झाल्या, सेक्रेटरी माइक घ्यायला पुढं आले. मी दिला नाही.

मी म्हणाले, "या मानपत्रात एक ओळ होती, ती मी मास्तरांकडून खोडून घेतली. त्याची मी माफी मागते. पाठवणीच्या क्लारनेटवरून तुम्ही लोक वर्षानुवर्षं भांडता, नांदेडचं की लातूरचं. मी स्वतः सगळ्यात जास्त भांडले. माझ्या लग्नात माझे वडील पाठवणी वाजवत होते. जीप हलली आणि..."

"माय," मास्तर खुर्चीतून उठले. माइक नव्हता तरी आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "ते सांगायचं नसतं."

पहिल्या रांगेत नवरा मान खाली घालून बसला होता.

"तो नियम बँडवाल्यांचा आहे मास्तर," मी म्हणाले. "मला कधी बँडमध्ये घेतलंत तुम्ही? मी दहा वर्षांची असताना अण्णांनी माझ्या हातातून क्लारनेट काढून घेतलं. पोरींच्यानं श्वास टिकत नाही म्हणाले."

मास्तर उभेच होते. त्यांनी कोटाच्या बाहीनं डोळे पुसले, सगळ्यांच्या देखत, आणि खाली बसले. मग मी राहिलेलं सांगितलं.