चासी सरळ होईपर्यंत

दादाची गाडी दिसायच्या आधी ऐकू यायची. तिचा सायलेन्सर दोन ठिकाणी फुटला होता. दादाने त्यावर पत्रा लावून तार गुंडाळली होती, आणि ती तार दर महिन्याला सुटायची. पुण्याहून निघालेली गाडी भुकूम ओलांडून घाटाच्या माथ्यावर आली, की खाली पिरंगुटात पौडला जाणारी माणसं आपापली गाठोडी उचलून सडकेला येऊन उभी राहत. "आपल्याला हॉर्न कशाला पायजे?" असं दादा म्हणायचा, आणि त्यात त्याला थोडा अभिमानही होता.

साठ सालाच्या आसपासची ही गोष्ट. मी पंचवीस-सव्वीस वर्षांचा होतो. लांब नाकाची, दोन्ही बाजूंना फूटबोर्ड असलेली ही गाडी दादाने पुण्यातल्या एका वकिलाकडून जुनी घेतली होती. पौड ते पुणे उतारू न्यायचे, एक दिवस त्याने, एक दिवस मी.

मला दादाची ताकीद एकच होती. उताराला इंजिन बंद करायचं नाही. पेट्रोल वाचतं म्हणून त्या काळी पुष्कळ ड्रायव्हर तसं करायचे. "ह्या गाडीचं निम्मं ब्रेक इंजिनात हायेत," दादा म्हणायचा. "चावी फिरवलीस की निम्मं ब्रेक गेलं म्हणून समज." मी मान डोलवायचो, आणि गाडी रिकामी असली की माथ्यावर येऊन चावी फिरवायचो.

पेट्रोलसाठी नव्हे. पेट्रोलसाठी केलं असतं तर आज सांगायला सोपं गेलं असतं. मला ती शांतता आवडायची. दिवसभर त्या फुटक्या आवाजात बसून कान बधिर झालेले असत. चावी फिरवून गिअर काढला की सगळं एकदम थांबायचं. चाकांखालची खडी बारीक करकरायची, वारा लागायचा, उन्हाळ्यात करवंदीच्या जाळ्यांचा वास यायचा. दीड-एक मैल गाडी आपोआप घरंगळत जायची. त्या वयात मला त्याहून सुखाचं दुसरं काही ठाऊक नव्हतं.

वैशाखातल्या एका दुपारी मी असाच उतरत होतो. घाट संपतो तिथे डाव्या बाजूने एक बैलगाडी चालली होती. शेणखताने काठोकाठ भरलेली. मी उजवीकडून पुढे काढणार, तोच ती गाडी उजव्या हाताच्या शेताकडे वळली. मी ब्रेक दाबला. पाय खाली गेला, गाडी थांबली नाही. माझ्या गाडीचं डावं नाक बैलगाडीच्या चाकाच्या मधल्या लाकडी तुंब्यावर जाऊन आदळलं. चाक मोडलं, खत सडकभर पसरलं, एक बैल गुडघ्यावर बसला. गाडीवान लांब जाऊन पडला. त्याच्या कपाळातून रक्त येत होतं, तरी तो उठून आधी बैलाकडे धावला आणि त्याचे पाय चाचपू लागला.

माणसं जमली. तासाभराने यष्टीतून दादा आला. त्याने मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, हात हलवून बघायला सांगितले, मग गाडीकडे पाहिलं आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "झोपला व्हता का रं त्यो?"

मी म्हणालो, "व्हय."

एवढंच बोललो. पण त्यापुढे मला काही बोलावंच लागलं नाही. जमलेल्या प्रत्येकाचं म्हणणं एकच होतं : ही गाडी माथ्यावर आली की अख्ख्या पिरंगुटाला कळतं, मग ह्याला पाठीमागून अंगावर येईस्तोवर कळली नाही, म्हणजे हा झोपलेलाच असणार. बैल वाट चालतात आणि गाडीवान डुलक्या घेतो, हे सगळ्यांनी पाहिलेलं होतं. बैल आणि गाडी ज्या शेतकऱ्याची होती, त्याने तिथेच कासरा गाडीवानाच्या हातातून काढून घेतला. "उद्यापास्नं गोठ्यातलं बघ. बैलाला हात लावायचा न्हाई."

गाडीवानाला सगळे आबा म्हणत. पन्नाशीचा, उंच, बोलायला हळू. त्या वेळी तो एवढंच म्हणाला, "आवाज न्हाई आला, मालक. खरंच न्हाई आला." कुणीतरी हसलं. "झोपल्याव कसा यील?"

पिरंगुटातच सडकेला लागून एका मिस्त्रीचं आवार होतं. तो बैलगाड्यांच्या चाकांना लोखंडी धावा चढवायचा, पाण्याची इंजिनं दुरुस्त करायचा, आणि पूर्वी कुठल्याशा लष्करी कारखान्यात ट्रकांवर काम केलेला होता. आमची गाडी बैल लावून तिथे ओढत नेली. बॉनेट, मडगार्ड, रेडिएटर उतरवल्यावर खरं नुकसान दिसलं. गाडीचा सांगाडा, ज्याला आम्ही चासी म्हणायचो, म्हणजे लोखंडाच्या दोन लांब पट्ट्या आणि त्यांना जोडणारे आडवे तुकडे. त्यातली डावी पट्टी पुढून चांगली वीतभर आत वळली होती.

"किती जोरात व्हतास?" मिस्त्रीने विचारलं.

"लई न्हाई."

त्याने पट्टीवरून हात फिरवला. "लोखंडाला लई वाटलंय," तो म्हणाला.

दादाला लगीनसराई बुडण्याची काळजी होती, म्हणून मी तिथेच राहून मिस्त्रीच्या हाताखाली काम करायचं ठरलं. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कोळसे पेटवत होतो, तर कपाळाला फडकं बांधलेला आबा दारात उभा.

"गोठ्यातलं उरकून आलोय," तो म्हणाला. "माझ्या हातनं मोडलीया गाडी. भाता तरी मारतो."

"तुला झोप लागली तर कोळसा इझंल की रं," मिस्त्री म्हणाला. तो थट्टेनेच बोलला होता.

आबा हसला नाही. "लागली तर हाक मारा," तो म्हणाला, आणि भात्याशी जाऊन बसला.

त्यानंतर तो रोज आला. मिस्त्रीची पद्धत अशी होती. आधी जमीन शेणाने सारवून सपाट करायची. चासीवरच्या चार ठरावीक भोकांतून ओळंबा, म्हणजे दोरीला बांधलेलं वजन, सोडायचा आणि तो जिथे टेकेल तिथे खडूने फुली मारायची. मग गाडी मागे ढकलायची आणि जमिनीवरच्या फुल्या सुतळीने कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजायच्या. दोन्ही तिरपी मापं सारखी भरली तर चासी सरळ. पहिल्या दिवशी दोन मापांत वीतभर फरक होता. चासीची मागची बाजू चिंचेच्या बुंध्याला साखळीने जखडली, वाकलेल्या पट्टीला दुसरी साखळी लावून ती समोरच्या आंब्याला नेली, आणि मध्ये फिरवायचा एक जाड पेच घातला. आबा भाता मारायचा, मिस्त्री लोखंडाचा रंग बघायचा, मी पेच फिरवायचो.

"गाजरावानी झालं की थांब," मिस्त्री आबाला सांगायचा. "पिवळं झालं तर मेलं लोखंड." आणि मला म्हणायचा, "आनखी फिरव. सरळ झालं म्हणून सोडलंस तर त्ये परत आत जातंय. सरळच्या बी थोडं पुढं न्यायला लागतं."

चौथ्या की पाचव्या दिवशी दुपारी मिस्त्री जेवायला घरी गेला होता. आम्ही दोघं चिंचेखाली भाकरी खात होतो. आबाने त्याच्या फडक्यातला कांदा फोडून अर्धा माझ्या भाकरीवर ठेवला आणि विचारलं, "तू मला बघितलंस का रं, डोळं मिटल्यालं?"

"मागनं कसं दिसंल, आबा?"

"मान कलली व्हती?"

तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. आवारात तिसरं माणूस नव्हतं. त्याचा कांदा माझ्या भाकरीवर होता. मी खाली बघत म्हणालो, "कलल्यावानी वाटली."

पहिलं खोटं मी घाबरून बोललो होतो, असं मी मनाला सांगत आलो आहे. ह्या दुसऱ्याला तसं काही सांगता येत नाही.

आबाने मान हलवली. भाकरी खाली ठेवून तो म्हणाला, "तीस वर्सं बैलामागं बसलोय. मला वाटायचं, आपला डोळा कदीच लागला न्हाई. आता कळंना. आदी बी कितीदा लागला आसंल. बैलंच नेत आसतील मला, आन् मला वाटायचं मीच नेतोय."

त्या दिवसापासून मी त्याच्याकडे बघायला लागलो. भाता मारताना तो मधूनच डोळे ताणून मोठे करायचा. कुणी मागून आलं की दचकून वळायचा. दुपारी आम्ही घटकाभर आडवे व्हायचो, तो बसून राहायचा. एकदा त्याने मिस्त्रीला अगदी गंभीरपणे विचारलं, "उघड्या डोळ्यानं बी झोप लागती का हो माणसाला?"

"माज्या मेव्हण्याला लागती," मिस्त्री म्हणाला. "काम सांगितलं की."

आबा तेवढ्यापुरता हसला. मला रात्री जेवण जाईना. सुतळीच्या मापातला फरक मात्र रोज कमी होत होता. वीतभराचा चार बोटांवर आला, मग दोन, मग एक. नवव्या दिवशी मिस्त्रीने सुतळी एका कर्णावर धरून गाठ मारली आणि दुसऱ्यावर धरली. गाठ बरोबर फुलीवर आली. त्याने ती मला दाखवली, आबाला दाखवली, आणि बिडी पेटवली.

आणखी दोन दिवस जुळवाजुळवीत गेले. मिस्त्रीने ब्रेकही नवे करून घेतले होते. तो म्हणाला, "घाटावर नीऊन खाली आण. सावकाश. हात हलका ठिव, गाडी डावीकडं वडती का बघ. आन् डाव्या अंगाला कुणीतरी बसव, वजन पायजे."

आबा तिथेच हात धूत होता. आयुष्यात तो मोटारीत बसला नव्हता. "मी पाय धून येतो," तो म्हणाला.

सबंध चढ तो दोन्ही हातांनी सीटची कड धरून बसला होता. सायलेन्सर तसाच होता. आवाज तर एवढा की बोलणंच शक्य नव्हतं. माथ्यावर मी गाडी वळवून उभी केली. सांगायचं म्हणून सगळे शब्द जुळवून आलो होतो. तोंडच उघडेना. मी गाडी उताराला सोडली आणि चावी फिरवली.

सगळं थांबलं.

"बंद पडली का रं?" आबाने विचारलं.

"न्हाई आबा. मी बंद केली."

ब्रेकवर पाय ठेवून मी हळूहळू उतरत होतो. खडीचा आवाज, वारा. पुढे एक बाई डोक्यावर लाकडांची मोळी घेऊन सडकेच्या कडेने चालली होती. आम्ही अगदी तिच्या बाजूला येईपर्यंत तिने मान वळवली नाही. मग मोळीसकट दचकून बाजूला झाली.

"आगं बया! भुतावानी काय येताय मागनं? वाजवायला काय हुतंय?"

आबाने वळून तिच्याकडे पाहिलं, ती लहान होईपर्यंत पाहत राहिला. चाक मोडलं होतं त्या जागी, शेताच्या वाटेशी मी गाडी थांबवली. खताचा डाग अजून सडकेवर होता.

"तवा बी आसंच?" त्याने विचारलं.

"व्हय, आबा. आसंच."

मी मार खायची तयारी ठेवली होती. खरं तर तो मिळाला असता तर बरं झालं असतं. आबा समोर सडकेकडे बघत बसला. मग स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "म्हंजी मी जागा व्हतो."

"व्हय."

"जागाच व्हतो मी." त्याने मुंडाशाच्या सोग्याने डोळे पुसले, आणि त्याच सोग्याने गाडीच्या दारावर त्याचा हात लागून पडलेला ठसाही पुसला. "लई येळ लावलास रं सांगाया," तो म्हणाला. "चल. मालकाला सांग."

मी शेतकऱ्याच्या ओसरीवर उभा राहून सगळं सांगितलं, घरच्या माणसांसमोर. शेतकरी आत गेला, खुंटीवरचा कासरा आणून आबाच्या हातात दिला आणि त्याच्या नजरेला नजर न देता म्हणाला, "बैल तुज्याबिगर नीट खाईनात." त्याच्यापुरती ती माफीच होती. संध्याकाळी दादाला सांगितलं. त्याने चावीसाठी हात पुढे केला. "गाडीचं जाऊ दे," तो म्हणाला. "त्यो माणूस नऊ दिस तुज्याशेजारी बसून भाता मारत व्हता, आन् तू त्याची भाकरी खाल्लीस?" पुढचे सहा महिने त्याने मला गाडीला हात लावू दिला नाही. मी शेतीचं काम केलं. बरोबरच होतं.

चावी परत मिळाल्यावर मी उताराला पुन्हा कधी इंजिन बंद केलं नाही. दादाने सायलेन्सर नवा घातला, तेव्हापासून घाटभर हॉर्न देत उतरायचो. पुष्कळदा आबाची गाडी पुढे दिसायची. शेताकडे वळायच्या आधी तो बैल थांबवायचा, खाली उतरायचा, सडकेच्या मध्यावर येऊन माथ्यापर्यंत नजर टाकायचा, आणि मगच पुन्हा चढून वळायचा. गाडी भरलेली असो वा रिकामी.

एकदा मी थांबून म्हणालो, "आबा, हॉर्न देत आलोय की. वर बसल्या बसल्या वळा."

"आयकला की," तो म्हणाला. "झोपलो थोडाच हाय?" आणि मोठ्याने हसला. मग त्याच्याजवळच्या पानाच्या द्रोणातली करवंदं माझ्या शेजारच्या सीटवर ठेवली, सडकेवर दोन पावलं पुढे गेला, आणि तरीही मान उंच करून माथ्याकडे पाहिलं.